कोकराचं आख्यान

आयुष्यभर मी बायबल शिकवलं आणि आयुष्यभर लोकांनी मला एकच प्रश्न विचारला : तुम्ही बाटलात कधी? काहींनी आडून आडून विचारला, काहींनी लग्नाच्या पंगतीत, तोंडात चिरोटी असताना. मी बाटलो नाही. घोड्यांच्या डॉक्टरला कुणी विचारत नाही की तुम्ही हरभरे खाता का. धर्म शिकवणाऱ्या माणसाला मात्र कुणीही काहीही विचारावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. तरुणपणी मी चिडत असे. आता म्हातारपणी जास्त चिडतो.

दुसरा प्रश्न माझे विद्यार्थी विचारत. सर, तुम्ही वर्गात गोष्ट सांगता तेव्हा नावं का गाळता? 'एक राजा', 'एक म्हातारी', 'एक सांगणारा' असं मोघम का बोलता? ही सवय वडिलांची. ती मला कशी लागली, ते सांगायला बसलोय, आणि इथंही कुणाचं नाव येणार नाही.

आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बेंगळूरला आलं आणि परत जायचं विसरलं. घरात मराठी, तीही अशी की पुण्याचा पाहुणा आला की त्याला अधूनमधून अर्थ विचारावा लागे. लिहिणं-वाचणं, शाळा, भांडण सगळं कानडीत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा कीर्तनकार होते. निरूपण कानडीत करायचे आणि अभंग, साकी, दिंडी मराठीत म्हणायचे. दोन्ही भाषांतले लोक समजायचे की न कळलेला भागच जास्त खोल असणार, त्यामुळे दोघंही खूष असत. मी मागे बसून पेटी वाजवायचो.

कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो तिला नारदाची गादी म्हणतात. त्या जागेचे नियम कडक. तिथं उभ्या असलेल्या माणसाला मधे टोकायचं नाही, त्याच्यासमोरून उठून जायचं नाही, आणि शेवटी लहानमोठ्या सगळ्यांनी त्याच्या पाया पडायचं. मुलगा गादीवर उभा असेल तर बापाने मुलाच्या पाया पडायचं. लहानपणी हा शेवटचा नियम मला फार आवडायचा, पण पेटी वाजवणाऱ्याला तो लागू नव्हता.

अण्णांची स्वतःची एक लकब होती. आख्यानात राजा आला की ते गादीवरून दोन पावलं पुढं यायचे आणि पहिल्या रांगेत बसलेल्या यजमानालाच राजा करायचे. हात जोडून त्याला म्हणायचे, "महाराज, आता आपली काय आज्ञा?" यजमानाने उत्तर द्यायचं. ज्याने मंडपाचा आणि प्रसादाचा भार उचललाय, त्याला घटकाभर सिंहासनावर बसवायचा हा मान होता, आणि पेटेतली, म्हणजे शहराच्या जुन्या बाजारवस्तीतली, मोठी माणसं त्यासाठी वर्षभर वाट पाहायची. एका रामनवमीला अण्णांनी एका कापडाच्या व्यापाऱ्याला दशरथ केलं. कैकेयीने वर मागितले, अण्णांनी विचारलं, "महाराज, काय करता?" तो गृहस्थ ठासून म्हणाला, "दुसरं काही मागायला सांगा, हे जमायचं नाही." रामायण तिथंच संपायचं. अण्णांनी त्याला अर्धा तास समजावून रामाला वनात पाठवलं, आणि तेव्हा तो खरंच रडला.

आता माझं गुपित. एकोणीसशे साठच्या आसपास मी कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं होतं. ग्रंथालयात पुस्तकं पुरेनात म्हणून मी दंडूत, म्हणजे साहेबांच्या जुन्या छावणीच्या भागात, पाद्र्यांच्या ग्रंथालयात जायला लागलो. तिथं एक म्हातारे परदेशी पाद्री भेटले. ते व्हाइटफील्डला राहायचे. तेव्हा व्हाइटफील्ड म्हणजे निवृत्त साहेबांचे बंगले, फळझाडं आणि दुपारची झोप. आज तिथल्या गर्दीत दोन तास अडकून पडलं की मला त्या झोपेची आठवण येते. पाद्री कानडी खेड्यात शिकलेले, त्यामुळे इतका मोठा पंडित माणूस बैलाला हाकावं तशा कानडीत बोलायचा. मला ते म्हणाले, "ये की लेकरा आठवड्याला दोनदा, वाचू आपण." मी जायला लागलो, आणि सहा महिन्यांत बायबलाच्या जुन्या भागाने मला असं धरलं की तत्त्वज्ञानाची पुस्तकं धूळ खात पडली. तिथले देवभक्त एकमेकांना फसवत होते, राजे चळत होते, भाऊ भावाला विकत होते. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

घरी सांगायची सोय नव्हती. कीर्तनकाराचा मुलगा पाद्र्याकडे जातो हे पेटेत कळलं असतं तर अण्णांना कुणी मंडपाची पायरी चढू दिली नसती. पाद्र्यांनी दिलेल्या कानडी बायबलाला मी खाकी कागदाचं वेष्टण घातलं आणि वर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं : तर्कशास्त्र, भाग दोन. भाग एक कुठं आहे असं कुणीच विचारलं नाही. तर्कशास्त्राची आमच्या घराला तेवढी निकड नव्हती.

दसऱ्यात सरस्वतीपूजेला घरातली सगळी पुस्तकं पाटावर मांडायची असतात. आईने माझा खण रिकामा केला आणि तर्कशास्त्र जाडजूड दिसलं म्हणून मधोमध ठेवलं. त्याला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, अण्णांनी आरती केली. मी हात जोडून उभा होतो. पुढच्या वेळी पाद्र्यांनी वेष्टणाखालून पानांवर झिरपलेला लाल डाग पाहिला आणि घाबरून विचारलं, "रक्त की काय?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा तो डाग पाहिला आणि म्हणाले, "आमच्याकडं नुसती धूळ बसते बघ." त्यानंतर मी त्यांच्यावर जीव टाकायला लागलो.

त्याच्या काही वर्षं आधी टेंट आला होता. टेंट म्हणजे तंबूतलं सिनेमाघर, खाली वाळू, मागे चार बाकडी. तो आमच्या रामोत्सवाच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर उभा राहिला. संध्याकाळी इकडे अण्णा नमन म्हणायला लागले की तिकडच्या कर्ण्यावर सिनेमातलं गाणं लागायचं, आणि पेटीवर माझी बोटं आपोआप तिकडे वळायची. दोनदा अण्णांनी मागे वळून पाहिलं. मैदान दरवर्षी थोडं थोडं रिकामं होत गेलं. राहिले ते म्हातारे, आणि त्यांना अण्णांची सगळी आख्यानं पाठ होती. अण्णा विनोद सांगायच्या आधीच ते हसून घेत आणि विनोदाच्या वेळी घोरत.

लोक सिनेमाला नावं ठेवतात. मी ठेवत नाही. दंडूतल्या थिएटरात समुद्र दुभंगणारा एक इंग्रजी पौराणिक सिनेमा आला होता, तो अण्णांनी आम्हा सगळ्यांना दाखवला. समुद्र दुभंगला तेव्हा आमच्या रांगेतल्या बायकांनी पडद्यावर नाणी फेकली आणि डोंगरावरून दाढीवाला उतरला तेव्हा अण्णांनी हात जोडले. घरी येताना म्हणाले, "मोठा तपस्वी दिसतो. पण त्याला गाता येत नाही." धर्माच्या तौलनिक अभ्यासावर मी पुढं बरंच वाचलं. याहून चोख काही वाचल्याचं आठवत नाही.

रामोत्सव समितीचे अध्यक्ष म्हणजे पेटेतलं बडं प्रस्थ. बाजारात चार दुकानं, एक लॉज, येलहंकाच्या रस्त्यावर धावणाऱ्या दोन बसगाड्या. माझं तर्कशास्त्र चालू होतं त्या वर्षी ते नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे होते, चिन्ह छत्री. मतदान रामनवमीनंतर पंधरा दिवसांनी. रामाच्या तसबिरीच्या डोक्यावर त्यांनी आधीच एक छत्री उघडून लावली होती. उत्सवाची बोलणी करायला ते घरी आले आणि म्हणाले, "अण्णा, काळ बदलला. यंदा सिनेमातल्या गाण्यांचा वाद्यवृंद आणायचं समितीचं म्हणणं आहे."

अण्णा म्हणाले, "पंचवीस वर्षं झाली मला त्या गादीवर."

"तेच तर. स्वल्प विश्रांती घ्या की."

आई आतून कॉफी घेऊन आली ती तशीच दारात थांबली. अण्णा कधी कुणापुढं काही मागायचे नाहीत. त्या दिवशी मागितलं. "मला नवमीचा एक दिवस द्या. मंडप भरला नाही तर मी आपणहून गादी सोडीन. भरला तर दरवर्षी नवमी माझी."

अध्यक्षांनी विचार केला. निवडणुकीच्या तोंडावर म्हाताऱ्या कीर्तनकाराला हाकलल्याचं दिसणं बरं नव्हतं. "सरी, चालेल," ते म्हणाले. मग उठताना हळूच म्हणाले, "राजा असेल ना आख्यानात? यंदा फेटा नवा घेतलाय."

ते गेल्यावर अण्णा चिपळ्या पुसायला बसले. कीर्तन त्यांची हौस नव्हती. त्यांना दुसरं काहीच येत नव्हतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. मला त्या क्षणी अध्यक्षांचा इतका राग आला की त्यांनी अर्धी ठेवलेली कॉफी मी मोरीत ओतली. मी चांगली कॉफी वाया घालवल्यासारखं आईने माझ्याकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. मैदानाला लागून असलेल्या देवळाच्या पायऱ्यांशी एक म्हातारी विधवा गोणपाट पसरून फुलं विकत बसायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. तिची जागा बरोबर त्या गोणपाटाएवढी, आणि अण्णांच्या कीर्तनाचा हार दरवर्षी तीच ओवायची. एका सकाळी तिथं हिरव्या रंगाची लाकडी पेटी उभी राहिली : गोळीच्या सोड्याचं दुकान, मालक अध्यक्षांचा मेहुणा. अक्काला रस्त्यापलीकडे, गटाराच्या कडेला बसवलं. पेटेतल्या प्रत्येकाने ते पाहिलं आणि प्रत्येकाने सोडा प्यायला. मीही प्यायलो. उकाडा फार होता.

अण्णांना नवं आख्यान हवं होतं. सकाळी गच्चीवर ते रियाज करायचे तेव्हा मी शेजारी पेटी घेऊन बसायचो. एके दिवशी हरलेल्या आवाजात ते म्हणाले, "रामायण झालं, महाभारत झालं, भागवत झालं. लोकांनी न ऐकलेलं मी आणू कुठून?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या तर्कशास्त्रात काही गोष्टी आहेत."

"तर्कशास्त्रात गोष्टी?"

"उदाहरणादाखल."

अण्णांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "सांग."

मी आधी माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेल्या माणसाची सांगितली. ते म्हणाले, मासा नको, नवमीला मंडप ओकेल. मग केसांत बळ असलेल्या पैलवानाची सांगितली. ते म्हणाले, पुढच्या रांगेत सगळे टकले असतात, त्यांना वाईट वाटेल. मग मी कोकराची सांगितली. एक श्रीमंत, त्याच्याकडे कळपच्या कळप. शेजारी एक गरीब, त्याच्याकडे एकच कोकरू, पोटच्या लेकीसारखं वाढवलेलं. श्रीमंताकडे पाहुणा आला, आणि त्याने आपल्या कळपाला हात न लावता गरिबाचं कोकरू उचलून कापलं. ही गोष्ट एका सांगणाऱ्याने राजाला सांगितली. राजा खवळला. आणि मग सांगणाऱ्याने राजाला दाखवून दिलं की गोष्ट त्याचीच आहे, कारण राजानेही कुणाचं तरी असंच हिसकावलं होतं.

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे चालेल. पण कापायचं नाही."

मी म्हटलं, "अण्णा, कापलं नाही तर सगळा अर्थ बदलतो." सहा महिन्यांच्या अभ्यासाने मला अर्थाचा मालक केलं होतं.

"रामाच्या मंडपात मटण शिजवू? कोकरू उचलून नेलं एवढं पुरे. ज्याचं गेलं त्याला ते कापल्यासारखंच. आणि नावं काढ."

"सगळी?"

"नाव घेतलं की लोक म्हणतात, हा कुठला कोण. नाव काढलं की प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्याकडे बघायला लागतो."

नवमीला मंडप भरला. त्याचं श्रेय कोकराला नाही, आईला आहे. तिने घरोघरी जाऊन सांगितलं होतं की यंदा असं पुराण आहे जे काशीच्या पंडितांनाही ठाऊक नाही. तिला ते कुठलं पुराण ते माहीत नव्हतं, पण काशीच्या पंडितांबद्दल ती खोटं बोलली नाही. बायका गुळाचं पानक आणि भिजवलेल्या डाळीची कोसंबरी वाटत होत्या, समितीची पोरं छत्रीचं चित्र असलेले कागदी पंखे वाटत होती, आणि टेंटमधल्या वाळूवर, म्हणतात, त्या दिवशी कुत्री झोपली होती. पहिल्या रांगेत अध्यक्ष नव्या फेट्यात बसले होते. त्यांच्यापासून चार माणसं सोडून पाद्री बसले होते. मीच फुशारकीने त्यांना बोलावलं होतं. त्यांचे गुडघे मांडीत मावत नव्हते, आणि पानकाचा तिसरा पेला संपत आला होता. मी पेटीमागे लपायचा प्रयत्न करत होतो, पण पेटी लहान होती.

पूर्वरंग झाला. अध्यक्षांनी अण्णांना बुक्का लावला, बाजारातून आणलेला हार घातला. दुसरा हार शेवटच्या मानासाठी आपल्या मांडीवर ठेवला. आख्यान सुरू झालं. अण्णांनी कोकरू असं उभं केलं की बायकांच्या बाजूला हुंदके ऐकू यायला लागले. ते गरिबाच्या ताटातलं खायचं, त्याच्या कुशीत निजायचं. एवढं पुस्तकात होतं. मग अण्णा गायले की दिवसा ते देवळाच्या पायरीशी, गोणपाटाच्या एका तुकड्यावर बसायचं, आणि येणारा-जाणारा त्याला बघून हसायचा.

गोणपाट पुस्तकात नव्हतं. माझा हात पेटीच्या भात्यावर थांबला. तबलजीने माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांच्या पाठीकडे पाहत होतो, आणि पाठीवरून काही कळत नव्हतं.

कोकरू गेलं. अण्णा दोन पावलं पुढं आले. अध्यक्ष ताठ झाले, फेटा सावरला. "महाराज," अण्णांनी हात जोडले, "आपल्या राज्यात असं झालंय. ज्याच्यापाशी चार चार कळप, त्याने एकीचं एकुलतं एक नेलं. आपली काय आज्ञा?"

अध्यक्षांचे डोळे खरोखर भरले होते. हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. हजारभर लोक बघत होते, ते राजा होते, आणि त्यांना मनापासून संताप आला होता. ते उठून उभे राहिले आणि गरजले, "चौपट भरून घ्या त्या चांडाळाकडून! तोंडाला काळं फासा! गाढवावर बसवा!"

मंडपाने टाळ्यांचा कडकडाट केला. अण्णांनी तो ओसरू दिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "शिपाई कशाला पाठवायचे, महाराज? आरसा मागवा."

तेवढ्यात देवळाच्या पायऱ्यांकडून गोळीच्या सोड्याची बाटली फोडल्याचा फट् असा आवाज आला. मेहुण्याला कीर्तनात रस नव्हता, त्याचा धंदा चालू होता. सगळा मंडप त्या आवाजाकडे वळला, आणि मग सगळा मंडप पुन्हा अध्यक्षांकडे वळला. बायकांमधून कुणीतरी "अय्यो!" म्हणालं.

अध्यक्ष हार हातात धरून उभे होते. ओरडता येत नव्हतं, कारण समोर नारदाची गादी होती. निघून जाता येत नव्हतं, तेही त्याच गादीमुळे. आणि मतदानाला पंधरा दिवस होते. माणूस विचार करताना मी पुष्कळ पाहिलेत, पण इतका उघडाउघड विचार कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. शेवटी ते मंडपाकडे वळले आणि म्हणाले, "राजाने न्याय सांगितलाय. राजाला तो लागू आहे. उद्या सकाळी दुकान हलेल." मग असा जयघोष झाला की पेंडालाचे बांबू हलले. अध्यक्षांनी अण्णांना हार घातला, वाकून पाय धरले, आणि तसेच वाकलेले असताना पुटपुटले, "छान केलंत, अण्णा." मी दोन हातांवर होतो. त्या छानमध्ये साखर नव्हती.

कीर्तन संपल्यावर पाद्री कसेबसे उठले, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाले, "चाळीस वर्षं ही गोष्ट शिकवतोय मी. कुणी उठून शिक्षा सांगितली नव्हती रे." तेवढ्यात अण्णा आले. मी डोळे मिटून घेतले.

अण्णांनी पाद्र्यांना नमस्कार केला. "तर्कशास्त्र शिकवणारे आपणच ना? भाग दोन?"

पाद्र्यांना काही कळलं नाही, पण ते हसले.

"मी दोनदा वाचलं," अण्णा म्हणाले. "सरस्वतीपूजेला पाटावर होतं, तेव्हा हाताला लागलं. कोकराचं आख्यान तिथंच हेरून ठेवलं होतं. याने माशापासून सुरुवात केली तेव्हा मला धीर धरवेना."

मी डोळे उघडले. "अण्णा, मग बोलला का नाहीत?"

"लपवून वाचत होतास म्हणून मन लावून वाचत होतास. मी परवानगी दिली असती तर महिन्यात सोडून दिलं असतंस." हे इतकं खरं होतं की मला रागच आला. आई मधेच म्हणाली, "म्हणजे मी हळदकुंकू लावलं ते कशाला?" पाद्री फार अदबीने म्हणाले, "आई, ते अजून आहे."

दुसऱ्या दिवशी अक्काचं गोणपाट पायरीशी परत आलं. अध्यक्षांनी ते स्वतःच्या हाताने अंथरलं आणि फोटो काढून घेतला. तो फोटो पत्रकावर छापला, वर छत्री, खाली 'न्यायी राजा'. ते दणदणीत मतांनी निवडून आले. राजकारणावर मी दोन जाडे ग्रंथ वाचलेत, आणि त्यांत हा प्रकार कुठल्या प्रकरणात बसवायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या वर्षी रामनवमीच्या आधी आठ दिवस समितीचा माणूस एक शाल घेऊन आला. शाल आली की समजायचं, गादी गेली. पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार होते, आणि नवमीला सिनेमातल्या गाण्यांचा वाद्यवृंद होता. मी पेटून उठलो. "मंडप भरला होता! शब्द दिला होता त्यांनी! पुस्तकातल्या राजाने त्या सांगणाऱ्याला काही केलं नव्हतं. शेवटपर्यंत दरबारात ठेवला त्याला!"

"ठाऊक आहे, वाचलंय मी," अण्णा शालीची घडी घालत म्हणाले. "पण तो राजा निवडणुकीला उभा नव्हता."

तेव्हा मला कळलं की गच्चीवर डोळे मिटून बसले होते तेव्हाच त्यांनी हे सगळं मोजलं होतं. त्यांच्यापाशीही एकच कोकरू होतं. ते त्यांनी आपल्या हाताने सोडलं, आणि मी शेजारी बसून त्यांना अर्थ समजावत होतो. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी त्यांच्यासमोर जेवायला बसलो नाही.

नवमीच्या संध्याकाळी मैदानावरून कर्ण्याचा आवाज घरात येत होता. आईने पानक केलं होतं. अक्का हार घेऊन आली, नेहमीसारखा, तुळस आणि मोगऱ्याचा. गादी गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. "स्वामी, दरवर्षी ओवते. हाताला सवय," ती म्हणाली आणि भिंतीशी बसली. आता अण्णा काय करतील ते मला समजेना.

अण्णांनी आतून चटई आणली आणि खोलीच्या मधोमध अंथरली. चिपळ्या माझ्या हातात दिल्या. "उभा राहा."

"मी?"

"नवमीला गादी रिकामी ठेवू नये. पंचवीस वर्षं समोर बसून ऐकायचं राहिलंय माझं. तुझ्या पुस्तकातलं सांग. नाव काढून."

मी चटईवर उभा राहिलो. समोर आई, अक्का आणि कर्ण्यावरचा तो बिनलाजा ठेका. अण्णांनी अक्काच्या हातून हार घेतला, माझ्या गळ्यात घातला, कपाळाला बुक्का लावला. आणि मला काही कळायच्या आत खाली वाकले आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी मागे सरायला गेलो तर त्यांनी घोटे घट्ट धरले. माझे डोळे वाहायला लागले आणि चिपळ्या हातात आपोआप वाजायला लागल्या.

"सुरू कर आता," खालून आवाज आला, "कंबर धरलीय माझी."